कॉस्टिक करूनही वाखाचं पॅनल पावसाळ्यात पांढरं पडतं, धागा सुळकन निघतो: काय तपासायचं

घायपाताचा धागा म्हणजे वाख, पाच टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात चार तास, मग धुतलं, वाळवलं, रेझिन मारलं. एप्रिलमध्ये केलेलं पॅनल एक नंबर. जुलैत तीच रेसिपी, तोच वाख, तोच मोल्ड, आणि पॅनल मोल्डमधून काढलं की धाग्याच्या बाजूबाजूने पांढरट रेघा, हाताने जरा वाकवलं की आतून कटकट आवाज, आणि मोडलं की मोडलेल्या जागी धागे दाढीच्या खुंटांसारखे बाहेर. एखादा धागा चिमटीत धरून ओढला तर सुळकन हातात येतो, वर स्वच्छ, जणू रेझिन त्याला कधी शिवलंच नाही.

ज्यांचं असं होतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण मी स्वतः तीन पावसाळे यात घालवलेत. मी मूळचा काचेच्या एफआरपीवाला (काचेचा धागा घातलेलं प्लॅस्टिक), मशिनची कव्हरं, पत्र्याऐवजीची शीटं, सीएसएम मॅट (काचेच्या तुकडा धाग्यांची चटई) आणि पॉलिस्टर रेझिन यात हात बसलेला. घायपाताकडे वळलो कारण गावाकडे बांधाबांधावर घायपात उभा आहे आणि त्याचा वाख काढून दोर वळणारी माणसं अजून आहेत, म्हटलं काचेच्या जागी वाख टाकू, बाकी सगळं तेच. तिथेच फसलो.

काचेची मॅट आपण बिनधास्त फाडून लावतो ना, तिच्यावर कारखान्यातूनच सायझिंग (पातळ लेप) लावलेलं येतं आणि त्यात सायलेन (काच आणि रेझिन जोडणारं रसायन) असतो. म्हणजे काचेची आणि रेझिनची सोयरीक कोणीतरी आधीच जुळवून ठेवलेली असते, आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. वाखाच्या बाबतीत ते काम कोणीच केलेलं नसतं. शिवाय वाखाचा जो एक धागा आपल्याला दिसतो तो एक नसतोच, ती बारीक बारीक पेशींची जुडी असते, त्यात साधारण ६५ ते ७० टक्के सेल्युलोज, बाकी हेमिसेल्युलोज, लिग्निन, पेक्टिन, आणि वरून मेणाचा पातळ थर. सेल्युलोज आणि त्याहून जास्त हेमिसेल्युलोज पाण्याला हपापलेलं, रेझिनचं पाण्याशी वाकडं, आणि दोघांच्या मध्ये हे मेण. कॉस्टिक काय करतो तर मेण, पेक्टिन, बरंचसं हेमिसेल्युलोज आणि थोडं लिग्निन काढून टाकतो, जुडी जराशी उकलते, धागा खरबरीत होतो, रेझिनला धरायला खाचा मिळतात. एवढंच. पाण्याची भूक कमी होते पण मरत नाही, आणि बहुतेकांची गडबड इथेच होते, त्यांना वाटतं एकदा कॉस्टिक केलं की धागा वॉटरप्रूफ झाला.

आधी मोडलेला तुकडा नीट बघा

मी पहिल्या पावसाळ्यात काय केलं तर प्रत्येक वेळी कॉस्टिक वाढवत गेलो. पाचाचे आठ, आठाचे दहा, चार तासांची अख्खी रात्र. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दोष दुसरीकडेच होता आणि मी धागा जाळत बसलो होतो. म्हणून रेसिपीला हात लावायच्या आधी तुकडा मोडा आणि मोडलेली जागा उजेडात भिंगाखाली बघा. घड्याळजीचं दहापट भिंग पुरतं, मायक्रोस्कोप असला तर उत्तम.

धागे लांब बाहेर आलेत, स्वच्छ आहेत आणि समोरच्या बाजूला त्यांची गोल गोल भोकं दिसतायत, तर पकड झालेली नाही. धागे बाहेर आलेत पण त्यांच्यावर रेझिनच्या पापुद्र्याचे तुकडे चिकटलेत, तर पकड बरी आहे, थोडं काम बाकी. धागे रेझिनच्या बरोबरीनेच सपाट तुटलेत पण तरी ताकद कमी येतेय, तर पकड छान आहे आणि धागाच कमजोर झालाय, म्हणजे ट्रीटमेंट जास्त झाली. धाग्याभोवती टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे दिसतायत तर ओल. धाग्याच्या लगत रेझिन नखाने खरवडलं जातंय, बाकीकडे कडक आहे, तर तिथे क्युअरिंग (रेझिन घट्ट होणं) अडलंय. आणि सहावा एक प्रकार असतो, धागे एकमेकांना चिकटून गठ्ठा झालाय आणि गठ्ठ्याच्या आत रेझिन गेलंच नाही. त्याला केमिस्ट्रीचा काही संबंध नाही, वाख नीट विंचरला नाही, बस्स.

माझ्या तुकड्यात पहिला, चौथा आणि थोडा सहावा असं सगळंच होतं. आणि मी उपाय करत होतो फक्त पहिल्याचा, तोही चुकीचा.

धुणं: सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात जास्त चुकणारं

कॉस्टिकमधून काढला, नळाखाली तीन-चार वेळा विसळला, हाताला बुळबुळ लागेना, पीएच पेपर लावला तर सात, झालं. मीही असंच करायचो. पण पीएच पेपर बाहेरच्या पाण्याचा पीएच सांगतो, जुडीच्या आतल्या नाही. कॉस्टिकमध्ये धागा फुगतो आणि कॉस्टिक पेशींच्या आतपर्यंत जाऊन बसतो, वरून पाणी मारलं की बाहेरचा जातो, आतला हळूहळू पाझरत राहतो. एकदा सात दाखवलेला वाख मी सहज म्हणून रात्रभर स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवला आणि सकाळी पेपर लावला तर निळा. तेव्हा ट्यूब पेटली.

आता मी असं करतो. दोन-तीन पाणी भरपूर विसळून काढतो, मग बादलीभर पाण्यात अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड अगदी थोडं, एक टक्क्याच्या आतबाहेर, त्यात पंधरा-वीस मिनिटं वाख खळबळून घेतो, मग परत साधं पाणी दोनदा, आणि मग रात्रभर नवीन पाण्यात. सकाळी सात असेल तरच पुढे, नाहीतर परत अ‍ॅसिडचा फेरा. बारावीच्या प्रॅक्टिकलला वापरायचो ते फिनॉल्फ्थॅलिन असेल तर अजून सोपं, ओला धागा दोन ठिकाणी तोडून तुटलेल्या टोकावर थेंब टाकायचा, गुलाबी झालं तर आत कॉस्टिक शिल्लक आहे. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड नसेल तर पांढरं व्हिनेगर पण चालतं, चार-पाच टक्क्यांचंच असतं ते, फक्त त्या हिशोबाने जास्त घालायचं. आणि हे अ‍ॅसिडही शेवटी धुऊन जायला हवं.

आत राहिलेला कॉस्टिक नेमकं काय बिघडवतो? एक तर पॉलिस्टर रेझिन म्हणजे नावाप्रमाणे एस्टरच्या कड्यांची साखळी, आणि ओल मिळाली की अल्कली त्या कड्या तोडतो, त्यामुळे पॅनल पहिल्या दिवशी बरं दिसतं आणि दमट हवेत महिना-दोन महिन्यांत धाग्यालगत ढिलं पडतं. दुसरं, पुढे सायलेन करणार असाल तर तो धाग्याला चिकटायच्या ऐवजी आपापसातच जुळून जातो. तिसरं, कॉस्टिक स्वतःच हवेतलं पाणी ओढतो.

पाण्याबद्दल एक गोष्ट, बोअरचं जड पाणी असेल तर कॉस्टिकचं पाणी त्यात करू नका, कॅल्शियम-मॅग्नेशियमचा पांढरा साका होतो आणि तो धाग्यावर बसतो. आरओचं पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. धुण्याची पहिली दोन पाणी बोअरची चालून जातात, शेवटचं मात्र मऊ हवं.

सादळलेला वाख

आता मुख्य गुन्हेगार. डब्याचं झाकण उघडं राहिलं की पापड सादळतो ना, वाखही तसाच सादळतो, फक्त पापडाचं लगेच कळतं आणि वाखाचं हाताला कळत नाही. हात लावला तर कोरडाच वाटतो. ताग, वाख, अंबाडी हे सगळे दमट हवेत ठेवले तर स्वतःच्या वजनाच्या दहा-बारा टक्के पाणी सहज धरतात. समजा एक किलो वाख आणि त्यात दहा टक्के ओल, म्हणजे शंभर ग्रॅम पाणी, म्हणजे आपण अर्धा पेला पाणी स्वतःच्या हाताने रेझिनमध्ये ओततोय आणि वर विचारतोय की पांढऱ्या रेघा कुठून आल्या.

माझी चूक काय होती तर मी वाळवायचो व्यवस्थित. दोन दिवस ऊन, मग ओव्हनला रात्रभर. पण सकाळी ओव्हनमधून काढून टेबलावर पसरायचो, मग मोल्डला वॅक्स, पीव्हीए (पॅनल मोल्डला चिकटू नये म्हणून), मग चहा, मग जेलकोट (पॅनलचा बाहेरचा रेझिनचा थर), जेलकोट चिकट होईपर्यंत थांबायचं, मग रेझिन काढा, कोबाल्ट (रेझिन घट्ट व्हायचा वेग वाढवणारा) मिसळा, या सगळ्यात दीड-दोन तास. जुलैच्या हवेत दोन तास उघडा पडलेला वाख म्हणजे रात्रभराची वीज पाण्यात. एप्रिलमध्ये हवाच कोरडी म्हणून तीच चूक पचून जात होती.

करायचं काय: ओव्हन ८० डिग्रीला, आणि वेळ बघून नाही तर वजन बघून थांबायचं. एक छोटी जुडी खुणेची म्हणून वेगळी बांधा, तिचं वजन करा, तासाने परत करा, दोन वजनं सारखी आली की वाळला. माझा अनुभव असा की पातळ पसरला तर पाच-सहा तास, गठ्ठा करून कोंबला तर अख्ख्या रात्रीतही आतला भाग ओला. १२०-१३० डिग्रीला लवकर उरकायचा मोह होतो, तो टाळा, धागा कडक आणि ठिसूळ होतो आणि मोल्डच्या कोपऱ्यात वळत नाही. वाळला की गरम असतानाच जाड प्लॅस्टिक पिशवीत, आत सिलिका जेलच्या पुड्या, तोंड घट्ट. जेलकोट तयार झाला, रेझिन मोजून झालं, कॅटॅलिस्ट (ज्याने रेझिन घट्ट व्हायला लागतं) घालायची वेळ आली की मगच पिशवी उघडायची. पिशवीतून काढल्यापासून रेझिनखाली जाईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं, त्याच्या वर नाही. मोठा मोल्ड असेल तर दोन-तीन पिशव्या करून ठेवा, एकच मोठी नको.

ओव्हन नसेल तर प्लायचं खोकं, आत शंभर वॅटचे दोन जुने पिवळे बल्ब, कॉम्प्युटरचा एक पंखा आणि वर वाफ जायला भोक, यातही काम होतं. बल्बला वाख टेकू देऊ नका, आणि अ‍ॅसिटोन किंवा स्पिरिट लागलेला वाख यात कधीच नाही. घरच्या खाण्याच्या ओव्हनमध्ये तर नाहीच नाही, एका पोराने हॉस्टेलवर केलं होतं आणि नंतर त्यातला केक आठवडाभर दोरखंडाच्या वासाचा लागत होता.

निव्वळ हे दोन बदल केले, रात्रभराचं धुणं आणि बंद पिशवी, आणि कॉस्टिक परत पाच टक्क्यांवर आणला, तर पांढऱ्या रेघा जवळपास गेल्या. तीन पावसाळे ज्याला मी ट्रीटमेंटचा प्रॉब्लेम म्हणत होतो तो बादलीचा आणि पिशवीचा निघाला.

कॉस्टिकच कॉस्टिक आहे का?

हा तिसरा संशयित, आणि फार कमी लोक इथे बघतात. फ्लेक्सची गोणी एकदा उघडली आणि तोंड नुसतं मुरगळून ठेवलं की फ्लेक्स हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढतात आणि हळूहळू धुण्याचा सोडा बनत जातो. वजन भरतं पण दम नसतो. तुम्ही ५० ग्रॅम मोजून एक लिटरला पाच टक्के म्हणता, प्रत्यक्षात कॉस्टिक असतो त्याहून कितीतरी कमी. हायड्रोमीटर (पाण्याची घनता मोजणारी नळी) लावून बघतो म्हणाल तर त्याच्यावर विसंबू नका, सोड्यानेही पाण्याची घनता वाढतेच. साधी टेस्ट म्हणजे एक फ्लेक थोड्या पाण्यात विरघळवायचा, गार होऊ द्यायचा आणि त्यात व्हिनेगर जरा जास्तच ओतायचं. फसफसलं तर कार्बोनेट झालंय. नवीन गोणी आणा आणि ती लगेच घट्ट झाकणाच्या छोट्या बरण्यांत भरून ठेवा, प्लॅस्टिकच्या.

तसंच एकाच पाण्यात दुसरी-तिसरी बॅच काढायची काटकसर. पहिल्या बॅचनंतर पाणी चहासारखं होतं, म्हणजे त्यात लिग्निन-बिग्निन सगळं उतरलंय आणि कॉस्टिकही खर्ची पडलाय. मी १०० ग्रॅम वाखाला दोन लिटर असं प्रमाण धरतो आणि एकदाच वापरतो. ते पाणी ओढ्यात सोडू नका, अ‍ॅसिडने सातवर आणा आणि मगच काय ते.

भांडं स्टीलचं किंवा प्लॅस्टिकचं. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं घेतलंत तर कॉस्टिक ते खातो आणि हायड्रोजन सुटतो. आणि कायम पाण्यात कॉस्टिक टाकायचा, थोडा थोडा, कॉस्टिकवर पाणी नाही, उसळतं. गॉगल घाला. हे मी उपदेश म्हणून नाही सांगत, डोळ्यात कॉस्टिक गेला की अ‍ॅसिडपेक्षा वाईट, तो आत उतरत जातो.

किती जास्त म्हणजे जास्त

बरेच जण या कॉस्टिक ट्रीटमेंटला मर्सरायझेशन म्हणतात, जॉन मर्सरने १८५० मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं त्यावरून. पण मर्सरचं काम सुती कापडावर होतं आणि कितीतरी कडक कॉस्टिकमध्ये, जिथे सेल्युलोजच्या स्फटिकाची रचनाच बदलते. आपण चार-पाच टक्क्यांत जे करतो ती खरं तर खरडून धुलाई आहे. नावात काय आहे म्हणा, पण मर्सरायझेशन शब्द ऐकून लोक १८-२० टक्क्यांची रेसिपी उचलतात आणि वाखाचा बुकणा करून बसतात. कापूस जवळपास निव्वळ सेल्युलोज, वाखात पेशींना बांधून ठेवणारं लिग्निन-हेमिसेल्युलोज असतं, ते पार काढलं की जुडीच विस्कटते.

ओळखायचं कसं? ट्रीटमेंटच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा पूर्ण वाळवून, वजन करा. काहीतरी घट येणारच, ती यायलाच हवी. पण आपल्या नेहमीच्या घटीच्या दुप्पट आली तर कुठेतरी वेळ किंवा तापमान जास्त झालंय. आणि हाताने: वाळलेला एक धागा दोन बोटांत पीळ देऊन ओढा, कच्च्या वाखाचा धागा बोट कापेल असा असतो, जास्त शिजलेला पटकन तुटतो आणि तुटताना भुसा सोडतो. उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या बादलीत चार तास म्हणजे गार दिवसातल्या चार तासांपेक्षा बरंच जास्त काम होतं हेही लक्षात ठेवा.

ट्रीटमेंट एकदम झकास झाली की अजून एक गोष्ट होते आणि मग लोक घाबरतात, पॅनलची ओढताण सोसायची ताकद वाढते पण हातोडी मारली तर आधीपेक्षा लवकर फुटतं. ते बिघडलेलं नाही. धागा थोडा थोडा सरकत निघतो तेव्हाच धक्का जिरवतो, घट्ट धरून बसला की तडा सरळ आरपार जातो. दरवाजाचं पॅनल हवंय की हेल्मेटचं कवच, त्यावर किती पकड हवी ते ठरतं.

चार मिलिमीटरचे तुकडे आणि मग ताकद का नाही

प्रोजेक्टवाली मुलं हमखास इथे अडकतात. मिक्सरमध्ये किंवा कात्रीने वाख तीन-चार मिलिमीटर कापलेला असतो, म्हणजे मिसळायला सोपा. आता हिशोब बघा. धाग्याची ताकद ढोबळ ५०० मेगापास्कल, जाडी ०.२ मिलिमीटर, आणि धागा-रेझिनची पकड धरू ५ मेगापास्कल. धाग्याची पूर्ण ताकद वापरली जायला त्याची किमान लांबी लागते ताकद गुणिले जाडी भागिले दोनदा पकड, म्हणजे ५०० गुणिले ०.२ भागिले १०, म्हणजे १० मिलिमीटर. त्याच्यापेक्षा आखूड धागा तुटायच्या आधी निसटतोच. ट्रीटमेंटने पकड दुप्पट केलीत तरी ५ मिलिमीटर. म्हणजे तुमचा तीन मिलिमीटरचा धागा सोन्याचं पाणी दिलं तरी सुळकनच निघणार. आणि ही किमान झाली, खरं तर याच्या कितीतरी पट लांब हवा. २५-३० मिलिमीटर कापा, किंवा हाताने लावायचं असेल तर लांबच ठेवा, विंचरून.

सायलेन करायचा का

पहिले धुणं-वाळवणं सुधारा, मग विचारा. नाहीतर महागडं औषध ओल्या भिंतीवर रंग मारल्यासारखं होतं. करायचाच असेल तर रेझिन बघून निवडा, दुकानदार देईल तो नाही. इपॉक्सीला अमिनो सायलेन, पॉलिस्टर आणि व्हिनाइल एस्टरला मेथाक्रिलॉक्सी किंवा व्हिनाइल. मी पहिल्यांदा पॉलिस्टरला अमिनो वापरला होता कारण तोच मिळाला, फरक पडला नाही तेव्हा सायलेनला शिव्या घातल्या. सायलेनचं एक टोक धाग्याच्या हायड्रॉक्सिल (ओएच) गटांशी जुळतं, दुसरं टोक रेझिनच्या साखळीत ओवलं जायला हवं, ते टोकच चुकीचं असेल तर तो नुसता लेप.

सोल्युशन बहुतेक अल्कोहोल, थोडं पाणी, त्यात एक-दोन टक्के सायलेन. मेथाक्रिलॉक्सी असेल तर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडने पीएच चार ते पाच, मग हलवत तासभर. पाण्याशिवाय तो जागाच होत नाही आणि फार वेळ ठेवला तर आपापसात जुळून दुधाळ होतो, दुधाळ झालं की फेकून द्या. त्याच दिवशी करा, त्याच दिवशी वापरा. वाख बुडवून काढला की आधी मोकळ्या हवेत अल्कोहोल पूर्ण उडू द्या आणि मगच ओव्हन. हवा खेळती ठेवा, मेथॉक्सीवाल्या सायलेनमधून मेथॅनॉल सुटतो.

पोटॅशियम परमँगनेट अ‍ॅसिटोनमध्ये घालून पण करतात, अगदी फिका जांभळा, काही मिनिटं. मी केलंय, फरक दिसला, पण वर्कशॉपमध्ये बादलीभर उघडं अ‍ॅसिटोन ठेवायची माझी हिंमत परत झाली नाही.

धाग्यालगत चिकट राहतंय

पॉलिस्टर रेझिन ज्या साखळी प्रक्रियेने घट्ट होतं ती अडवायला रेझिनवाले स्वतःच त्यात हायड्रोक्विनोन घालतात, डब्यात गोठू नये म्हणून. लिग्निन त्याच फिनॉलच्या खानदानातलं. त्यामुळे धाग्यातून सुटलेला तपकिरी अर्क नीट धुतला नसेल तर धाग्याच्या अवतीभोवती क्युअरिंग मंदावतं. काथ्यात हे सगळ्यात जास्त, कारण त्यात लिग्निन ४० टक्क्यांच्या वर. कोकणातून काथ्या आणून वाखाच्या रेसिपीने करणाऱ्यांना म्हणूनच त्रास होतो. त्याला शेवटचं पाणी बिनरंगाचं येईपर्यंत धुवा, आणि काथ्याकडून ताणाच्या ताकदीची अपेक्षा ठेवू नका, तो वाखाच्या निम्म्यानेही नसतो, त्याचा गुण म्हणजे तो तुटायच्या आधी भरपूर ताणतो.

चिकट राहतंय म्हणून कॅटॅलिस्ट ओतत सुटू नका, दोन टक्क्यांच्या वर गेलात की पॅनल तापतं, तडकतं आणि तरी लगतचा भाग तसाच. आणि कितव्यांदा सांगतोय कोण जाणे, कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण घोटायचा, मग कॅटॅलिस्ट.

इपॉक्सीवाल्यांना हा लिग्निनचा त्रास नाही, पण पावसाळ्यात वरून मेणचट पांढरा थर येतो ना, तो हार्डनरमधला अमाइन हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड खातो म्हणून. कोमट पाण्याने पुसून, वाळवून, घासून मगच पुढचा थर. एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर असेल तर वजनाने शंभराला दहा, वजनाने, झाकणाने मोजून नाही. पॉलिप्रॉपिलिनमध्ये घालणाऱ्यांचं गणित वेगळं, तिथे मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलिन दोन ते पाच टक्के टाकलं की कॉस्टिकपेक्षा जास्त फरक पडतो, आणि मशिनचं तापमान २०० च्या खाली ठेवा, करपल्याचा वास आला म्हणजे उशीर झाला.

रेझिनच्या निवडीने किती फरक पडतो याचं जुनं उदाहरण म्हणजे पूर्व जर्मनीतली ट्राबान्ट गाडी. १९५७ पासून तिच्या बॉडीचे बाहेरचे पॅनल कापसाच्या टाकाऊ धाग्याचे होते, पण रेझिन फिनॉलिक, दाबून गरम केलेलं. फिनॉलिकच्या अंगात स्वतःच हायड्रॉक्सिल भरपूर, त्याचं सेल्युलोजशी आपसूक जमतं. आपण पॉलिस्टर वापरतो कारण ते स्वस्त आणि गार मोल्डवर होतं, मग बाकीची कसर बादलीत भरून काढावी लागते.

कडा

हे शेवटी लिहितोय पण बनवलेलं पॅनल वर्षभरात खराब होण्यामागे मला तरी हेच सगळ्यात जास्त दिसलंय. पॅनल ग्राइंडरने कापलं की कडेला हजारो धाग्यांची तोंडं उघडी पडतात, आणि धागा म्हणजे आतून पोकळ नळ्यांची जुडी, पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं आत चढतं. तिथून धागा फुगतो, रेझिन सोडतो, वाळला की आक्रसतो, पुढच्या वेळी अजून आत. वरून जेलकोट कितीही चकचकीत असू दे. कापल्याबरोबर, त्याच दिवशी, कडेला आणि ड्रिलच्या भोकांना रेझिनचे दोन हात.

लॅबमध्ये पाणी पिण्याची टेस्ट करणाऱ्यांनीही हे धरायला हवं, छोट्या तुकड्याला कडाच जास्त असतात त्यामुळे २४ तासांत भरमसाट पाणी प्यायलं म्हणून ट्रीटमेंट फेल म्हणू नका, सोबत कच्च्या वाखाचा तेवढाच तुकडा त्याच दिवशी त्याच भांड्यात ठेवा आणि दोघांचा फरक बघा. कच्च्याचा तुकडा सोबत नसेल तर कुठल्याच आकड्याला अर्थ नाही. आणि प्रत्येक प्रकारचे किमान पाच तुकडे, वाखात धाग्याधाग्यात इतका फरक असतो की एका तुकड्यावर काहीही सिद्ध करता येतं. ताकद मोजायच्या मशिनच्या जबड्यातच तुटलेला तुकडा मोजायचा नाही, त्याच्या टोकांना पट्ट्या चिकटवून परत करा.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. कॉस्टिक, वेळ, सायलेन, रेझिन सगळं एकदम बदललं आणि पॅनल चांगलं आलं तर आनंद होतो खरा, पण पुढच्या बॅचला परत तेच रडगाणं.

माझ्याकडे आत्ता वर्कशॉपच्या मागे पागोळ्यांखाली चार तुकडे तारेने टांगलेत. एक कच्च्या वाखाचा, एक कॉस्टिक आणि घाईचं धुणं, एक कॉस्टिक आणि रात्रभराचं धुणं, चौथा तसाच पण त्याला सायलेनसुद्धा. कच्च्याच्या कडेला आठ दिवसांतच पांढरं चढलंय, दुसऱ्याला नुकतं सुरू झालंय, बाकी दोघांत अजून डोळ्यांना फरक दिसत नाही. कडा मुद्दाम चारहींच्या उघड्या ठेवल्यात. गणपती झाले की उतरवून वजन करतो आणि मोडतो.